बोंजूर झालं, पुढे काय?

फ्रान्समध्ये राहायला आलेल्या अमेरिकी माणसाला फ्रेंच किती यायला हवं, हा वाद जवळजवळ अमेरिकेइतकाच जुना आहे. 1778 मध्ये अमेरिकेचे दूत म्हणून जॉन ॲडम्स पॅरिसला पोचले. बोटीवर असतानाच त्यांनी फ्रेंच व्याकरणाशी झटापट सुरू केली होती आणि पोचल्यावरही ती नेटाने चालू ठेवली. पॅरिसलगतच्या पासीच्या ज्या हवेलीत ते उतरले, तिथे बेंजामिन फ्रँकलिन आधीपासूनच मुक्काम ठोकून होते. फ्रँकलिनसाहेबांचं फ्रेंच फार चांगलं, असं ॲडम्सनी ऐकलं होतं. नीट कान देऊन ऐकल्यावर मात्र त्यांनी रोजनिशीत नोंद केली, की हे काही व्याकरणशुद्ध बोलत नाहीत. खुद्द फ्रँकलिननीही मान्य केलं, की व्याकरणाकडे आपण मुळीच लक्ष देत नाही. आता निकाल पाहा. फ्रँकलिनची छबी पॅरिसकरांनी तपकिरीच्या डब्यांवर मिरवली; आणि 1780 मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री व्हर्जेन यांनी ॲडम्सना स्पष्ट कळवलं, की यापुढे आम्ही फक्त फ्रँकलिनशीच बोलू. (व्हर्जेनचा राग व्याकरणावर नव्हता, ॲडम्सच्या आग्रही स्वभावावर होता. पण भाषा शिकणाऱ्याला हे सांगून काय उपयोग?)

तोच वाद मी ल्योंमध्ये, क्रुआ-रूसच्या टेकडीवरच्या एका घरात ऐकला. वाद घालणाऱ्यांपैकी एक माझी शाळासोबतीण. येवल्यात वाढली, लग्नानंतर न्यू जर्सीत जन्म काढला, अमेरिकी नागरिक झाली आणि निवृत्तीनंतर इथे येऊन राहिली. दुसरी तिची भाची, जन्मच एडिसनचा, ल्योंमध्ये नोकरी करणारी. ती हिला मावशी म्हणते, म्हणून लिहिताना मीही तेच म्हणते. दोघींकडे निळा अमेरिकी पासपोर्ट आणि घरातली बोली मराठी. भाचीचं मराठी मधूनमधून इंग्रजीत घसरतं. ते मी सावरून घेतलं आहे.

भाची : मावशीचं फ्रेंच म्हणजे पन्नास वाक्यं आणि एक हसू.

मावशी : हसू नाही हं. इथे आल्यावर सगळ्यात आधी काय सोडलं असेल, तर ते हसू. न्यू जर्सीत दुकानात शिरलं की दात दाखवायचे आणि थेट मुद्द्यावर यायचं, "एक्सक्यूज मी, दूध कुठे आहे?" तिथे ते सभ्य, इथे तेच उद्धट. इथलं दुकान म्हणजे त्या दुकानवालीचं घर समजायचं आणि आपण तिच्या उंबऱ्यावर उभे. आधी बोंजूर म्हणायचं, तिचं बोंजूर येऊ द्यायचं, मग दुधाचं नाव काढायचं. बसच्या ड्रायव्हरला बोंजूर, दवाखान्यात ताटकळत बसलेल्या अनोळखी लोकांना बोंजूर. निघताना पुन्हा ओ रव्वार, बोन जुर्ने.

भाची : हे तर पहिल्या आठवड्यात प्रत्येक अमेरिकी माणूस शिकतो.

मावशी : शिकतो, आणि घाईत असला की विसरतो. नीसमधल्या एका कॅफेने 2013 मध्ये पाटीच लावली होती. नुसतं "एक कॉफी" म्हणाल तर 7 युरो. "एक कॉफी, प्लीज" म्हणाल तर 4.25. आणि "बोंजूर, एक कॉफी, प्लीज" म्हणाल तर 1.40. लोकांनी फोटो काढले, हसले. मला त्यात विनोद कमी आणि दरपत्रक जास्त दिसलं.

भाची : पण हे शिष्टाचार झाले, मावशी. भाषा कुठे झाली? तू बेकरीत जातेस, "ट्रॅडिशन बॅगेट एक द्या, फार भाजलेली नको" म्हणतेस, ती ओळखीचं हसते, तू घरी येऊन सांगतेस की आज मी फ्रेंच बोलले. तेवढं पोपटही बोलेल.

मावशी : पोपटाला कोणी "काल का नाही आलात?" असं विचारत नाही. मला विचारते ती. बरं, तू वर्गात जाऊन, परीक्षा देऊन बी-टू पातळी गाठलीस. मग ऑफिसात जेवणाच्या टेबलावर काय चाललंय ते तुला का कळत नाही? तूच रडत होतीस.

भाची : रडत नव्हते. तक्रार करत होते. पुस्तकात नकारार्थी वाक्याला दोन तुकडे लागतात, "न" आणि "पा". माणसं बोलताना "न" गिळून टाकतात. "मला माहीत नाही" याचं पुस्तकी वाक्य चार शब्दांचं, आणि टेबलावर येतं ते नुसतं "शेपा". "आम्ही" म्हणायला "नू" शिकवतात, बोलताना सगळे "ऑं" म्हणतात. आणि दर वाक्याच्या सुरुवातीला "द्यु कू". अर्थ काही नाही, पण ते नसलं तर वाक्य सुरूच होत नाही त्यांचं.

मावशी : आणि हे सगळं मला बाजारात फुकट मिळालं. मंगळवारपासून रविवारपर्यंत बुलव्हारवर भाजीबाजार भरतो. चीजवाला सां-मार्सेलँ बोटाने दाबून विचारतो, आज खायचं की परवा? त्याचं उत्तर देता देता मी भविष्यकाळ शिकले.

भाची : चुकीचा शिकलीस.

मावशी : चीज बरोबर मिळालं.

(इथे एक सांगायला हवं. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था फ्रेंचला इंग्रजी भाषकांसाठी सोप्या भाषांत बसवते. वर्गातले सहा-सातशे तास पुरावेत असा त्यांचा हिशोब. तो हिशोब राजनैतिक अधिकाऱ्यांचा. चीजवाल्याच्या बोटाला किती तास लागतात, ते त्यात धरलेलं नसावं.)

भाची : ठीक आहे, आकडे. आकड्यांवर बोल.

मावशी : आकड्यांवर मी कोणाशीच भांडत नाही. सत्तर म्हणजे साठ-दहा. ऐंशी म्हणजे चार-वीस. अठ्ठ्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-आठ. इथपर्यंतही मी सोसलं असतं. पण ही माणसं फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात. ती "कात्र" म्हणाली की मी चार लिहिते, "व्हँ" म्हणाली की खोडून ऐंशी करते, आणि "दिझ-विट" येईपर्यंत ती पुढच्या दोन जोड्या बोलून फोन ठेवते. शेजारचे बेल्जियमवाले आणि स्विसवाले बघ कसे शहाणे. सत्तर-नव्वदला त्यांच्याकडे सरळ एकेक शब्द आहेत.

भाची : मराठीने कुठे सोपं ठेवलंय? रविवारच्या मराठी शाळेत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात मी आयुष्याची दोन वर्षं घालवली. शंभर आकडे, शंभर वेगळे शब्द.

मावशी : म्हणून तर 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "साठ तीन", "वीस सात" असं वाचन दिलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! त्रेसष्टवर प्रेम करणारी इतकी माणसं आहेत हे तेव्हाच कळलं. फ्रेंचांनाही त्यांचं चार-वीस तसंच प्रिय असणार.

भाची : हे बघ, तू विषय फिरवतेस. माझं म्हणणं साधं आहे. मला इथे राहायचंय, पाहुणी म्हणून नाही. 1 जानेवारी 2026 पासून नियम बदलले. अनेक वर्षांचं राहण्याचं कार्ड हवं तर भाषेची ए-टू पातळी, दहा वर्षांचं हवं तर बी-वन, नागरिकत्वाला बी-टू. वर नागरिकशास्त्राची परीक्षा वेगळी. तुला वयामुळे कार्डाच्या भाषेतून सूट आहे. मला नाही. "फार भाजलेली नको" एवढ्यावर कार्ड देणाऱ्या सरकारी कचेरीची, प्रेफेक्त्युरची, खिडकी उघडत नाही.

मावशी : खिडकीसाठी शीक की. कोणी अडवलंय? पण खिडकीसाठी शिकलेलं फ्रेंच आणि घर वाटावं म्हणून शिकलेलं फ्रेंच एकच, असं तू धरून चालतेस. मी न्यू जर्सीत आले तेव्हा माझं इंग्रजी व्याकरणाने तुझ्या बाबांपेक्षा चांगलं होतं. तर्खडकर पाठ होते. पण कॅशियरने "हाउ आर यू डुइंग?" विचारलं की मी थांबून खरंखरं उत्तर द्यायचे. सर्दी झालीय, झोप नाही. ती बिचारी माझ्याकडे बघतच राहायची. तो प्रश्न प्रश्न नसतो हे कुठल्या व्याकरणात लिहिलंय? ते कळलं तेव्हा मी अमेरिकेत राहायला लागले. कागदं आधीच झाली होती.

(मला वाटलं, इथे मावशी जिंकली. पण भाचीने पत्ता राखून ठेवला होता.)

भाची : तर्खडकर राहू दे. माझं मराठी घे. माझं मराठी म्हणजे तुझ्या सिद्धांताचं चालतंबोलतं उदाहरण. व्याकरण शून्य, वर्ग रविवारचे, पण घरात बोलते, आजीशी बोलते, तुझ्याशी भांडते. पुण्यात गेले की रिक्षावाल्याशी बोलते. सगळे म्हणतात, किती छान बोलते गं ही! आणि मग? आजी गेली तेव्हा बँकेत जायची वेळ आली. वारस, नामनिर्देशन, ना-हरकत. काउंटरवरचा माणूस आधी माझ्याशी बोलत होता, दोन मिनिटांत तो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मामाशी बोलायला लागला. माझ्या खात्याबद्दल, माझ्यासमोर. वर्तमानपत्राचा अग्रलेख मला वाचता येत नाही. मराठीत मी कायमची नऊ वर्षांची आहे, मावशी. लाडकी आहे, घरची आहे, आणि नऊ वर्षांची आहे. इथे ल्योंमध्ये मला पुन्हा नऊ वर्षांचं व्हायचं नाही.

मावशी : ...

भाची : बोल ना.

मावशी : बोलते. नऊ वर्षांच्या मुलीला घर आपलं वाटतं की नाही?

भाची : वाटतं. पण घरातले निर्णय तिला विचारून होत नाहीत.

(यानंतर चहा झाला. चहा मराठी होता, आलं घातलेला. त्याबरोबरचा प्रालीनचा लालभडक टार्ट ल्योंचा. मी मध्यस्थी म्हणून गर्ट्रूड स्टाइनचा विषय काढला. ही अमेरिकी लेखिका 1903 मध्ये पॅरिसला आली ती तिथलीच झाली. आजूबाजूला सगळे फ्रेंच बोलतात, त्यामुळे आपलं इंग्रजी आपल्याजवळ एकटं आणि स्वच्छ राहतं, हे तिला फार आवडायचं, असं तिने लिहून ठेवलंय. म्हणजे भाषा परकी ठेवूनही घर करता येतं.)

मावशी : आणि बाजारात कोण जायचं?

(मी म्हटलं, ॲलिस टोक्लस. घर, स्वयंपाकिणी, बाजारहाट, सगळं तीच बघायची. पुढे तिने त्यावर एक गाजलेलं पाककृतींचं पुस्तकही लिहिलं.)

मावशी : मग झालं! रोजचं फ्रेंच टोक्लसने बोलायचं आणि स्वच्छ इंग्रजी स्टाइनने जपायचं. प्रत्येक लेखकाला एक टोक्लस मिळाली तर कोण कशाला भाषा शिकेल? मी ज्युलिया चाइल्डच्या बाजूची, अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या. 1948 च्या नोव्हेंबरात नवऱ्याबरोबर आली तेव्हा तिला धड चार वाक्यं येत नव्हती. बर्लिट्झच्या शिकवणीला गेली, पण खरी शिकली ती बाजारात आणि पुढे कोर्दों ब्ल पाकशाळेच्या भट्टीपाशी, जिथे गुरुजी फ्रेंचमध्येच शिकवायचे.

भाची : त्याच महिन्यात अमेरिकी लेखक जेम्स बाल्डविनही पॅरिसला आला. खिशात चाळीसेक डॉलर. त्याचं काय झालं ते सांग ना.

मावशी : काय झालं?

भाची : पुढच्या वर्षी डिसेंबरात एका ओळखीच्या अमेरिकी माणसाने आधीच्या हॉटेलातून उचललेली चादर याच्याकडे आली. पोलिसांना ती याच्या पलंगावर सापडली. चादरीसाठी अटक! फ्रेंच जेमतेम येत होतं. काय चाललंय, आपल्याला कुठे नेतायत, किती दिवस ठेवणार, काहीही कळेना. एकदा कोर्टात नेलं तर दुभाष्याच नव्हता, म्हणून तारीख पुढे गेली. नाताळ तुरुंगात. शेवटी प्रकरण निकालात निघालं तेव्हा कोर्टात हशा पिकला. त्याने त्यावर निबंध लिहिलाय आणि तो हशा त्याला किती लागला तेही लिहिलंय. ज्युलिया चाइल्डचं फ्रेंच कमी पडलं असतं तर लोणी कमी मिळालं असतं. बाल्डविनचं कमी पडलं तेव्हा तो कोठडीत होता. "रोजचं फ्रेंच पुरतं" असं म्हणणाऱ्याचे सगळे दिवस रोजचेच असायला लागतात.

मावशी : हे मला मान्य आहे. रात्री छातीत दुखायला लागलं तर 15 नंबरला फोन करून काय सांगायचं, ते मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. तुझ्याच अक्षरात आहे ते.

भाची : आणि त्यातली संख्या तू चुकीची वाचतेस.

मावशी : वयच सांगायचं असतं त्यात. सत्तरीच्या अलीकडे आहे तोवर ठीक आहे. साठ-आठ म्हणता येतं मला.

(पुढचा भाग मला सगळ्यात रंजक वाटला, कारण त्यात दोघी आपापल्या बाजू विसरल्या.)

मावशी : तुला इथे आवडत का नाही ते मला माहीत आहे. तुझी वाक्यं कोणी दुरुस्त केली की तुझा चेहरा पडतो.

भाची : पडणारच. मी काहीतरी महत्त्वाचं सांगत असते आणि समोरचा म्हणतो "ला नाही, ल." लिंग चुकलं! अमेरिकेत कोणी असं करत नाही. बाहेरून आलेला माणूस कसंही इंग्रजी बोलला तरी आपण म्हणतो, तुमचं इंग्रजी उत्तम आहे.

मावशी : आणि मनात म्हणतो, किती वाईट. मला तेच सहन होत नसे. किती वर्षं सगळ्यांनी माझ्या उच्चारांचं कौतुक केलं आणि एकानेही सांगितलं नाही की "व्हिजिटेबल" नसतं म्हणायचं. इथली औषधवाली मला दर वेळी दुरुस्त करते. मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

भाची : आणि मधे बोलणं? मी वाक्याच्या अर्ध्यावर असते, आणि तीन माणसं एकदम.

मावशी : रेमाँद कारोल नावाची फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ होती, अमेरिकेत राहिलेली. 1987 मध्ये तिने फ्रेंच आणि अमेरिकी माणसांचे गैरसमज कुठून निघतात यावर पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं, फ्रेंच माणूस गप्पांत मधे बोलतो ते तोडायला नाही, जोडायला. मधे बोललंच नाही तर समोरच्याला वाटतं, याला रस नाही. अमेरिकी माणूस आपली पाळी येईपर्यंत थांबतो आणि ती येतच नाही. मी वाचलं आणि म्हटलं, अगं, हे तर आमचं येवल्याचं घर! आमच्याकडे कोणी कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलंय का कधी?

भाची : तुमच्याकडे. मी एडिसनच्या शाळेत वाढले. हात वर करायचा आणि थांबायचं. माझी अडचण व्याकरणाची नाही असं म्हणतेस?

मावशी : थोडी आहे. बाकीची हात वर करण्याची आहे.

भाची : मग "त्यु" आणि "वू"? तिथे तरी मराठीने हात द्यावा, तर तेही नाही. मला वाटलं, तू आणि तुम्ही, त्यात काय एवढं. पण मराठीत आईला तू, आजीला तू, तुला तू, देवालाही तू. मोठ्या माणसाला तू म्हणायची सवय घरातूनच लागलेली. पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींना मी त्यु म्हणून बसले. त्या गप्प झाल्या. आणि ऑफिसात साहेबांना वू म्हटलं तर ते दुखावले. तिथे सगळे एकमेकांना त्यु म्हणतात. मी काय त्यांना परकं समजते का, असं विचारलं.

मावशी : त्या आजी आता कशा बोलतात तुझ्याशी?

भाची : आता त्या मला त्यु म्हणतात आणि मी त्यांना वू म्हणते.

मावशी : झालं मग. सुटला प्रश्न.

भाची : तुला एक विचारू? तू बाजारात "कुठल्या तुम्ही?" विचारल्यावर काय सांगतेस?

मावशी : अमेरिकेची. मग ते माझ्या तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, हो, पण मूळच्या? मग मी म्हणते भारतातली. मग बिर्याणी आणि योगासनं. मी त्यांना येवला सांगते. इथल्या रेशीम विणणाऱ्यांना "कान्यु" म्हणायचे. या घराचं छत एवढं उंच का? कारण इथे जाकारचा माग मावायला हवा होता. जाकार ल्योंचा, आणि त्याच्या नावाचं जकार्ड येवल्यात पैठणीच्या मागावर मी लहानपणापासून बघितलंय. हे शेजारच्या आजोबांना माझ्या तुटक्या फ्रेंचमध्ये सांगितलं तर ते मला हाताला धरून कान्युंच्या संग्रहालयात घेऊन गेले. बी-टू लागत नाही त्याला.

भाची : माझं तोंड बंद असतं तोवर मी भारतीय असते, उघडलं की अमेरिकी होते. उच्चार ऐकून चेहरे बदलतात. जरा सैलावतात. मला ते आवडत नाही, कारण तोच चेहरा माझ्या वर्गातल्या अल्जिरियन बाईला मिळत नाही, आणि तिचं फ्रेंच माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. बाल्डविननेही हे ओळखलं होतं. अमेरिकी पासपोर्टने आपल्याला जे वाचवलं, ते पॅरिसमधल्या अल्जिरियनांना वाचवत नाही, हे त्याने लिहिलंय. आम्ही एक्सपॅट, ती इमिग्रंट. वर्ग एकच, पुस्तक एकच.

मावशी : थंडीत मी रेस्तो द्यु करमध्ये भाजीच्या टेबलावर उभी असते. कोल्युश नावाच्या विनोदी नटाने 1985 मध्ये ती संस्था काढली, गरजूंना अन्न द्यायला. तिथे येणाऱ्यांतले निम्मे माझ्यासारखंच तुटकं फ्रेंच बोलतात. माझं निम्मं फ्रेंच त्यांच्याकडून आलंय. ते मात्र मी कोणाला सांगत नाही. पॅरिसहून शिकले असं म्हणते.

(रात्री टीव्ही लागला. गाण्याचा एक कार्यक्रम, त्यात गाण्याचे शब्द पडद्यावर येतात आणि मधेच गायब होतात. पुढचं स्पर्धकाने गायचं. मावशी ठोकून गाते. भाची रेडिओवाली, सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या आर्‌एफ्‌आयवर रोज ऐकते, वही घेऊन. तेव्हाच टेबलावर पडलेला जाडजूड लिफाफा तिने उघडला आणि दिवसभरचा वाद पुन्हा जमिनीवर आला. इमारतीच्या सभासदांच्या वार्षिक सभेचं बोलावणं. कायद्याने ही सभा वर्षातून एकदा घ्यावीच लागते आणि नोटीस किमान 21 दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक घराचं मत त्याच्या हिश्श्याइतकं जड.)

भाची : लिफ्टचा ठराव पुन्हा आलाय.

मावशी : या वेळी होऊ दे बाई. चार मजले, आणि हे गुडघे.

भाची : मागच्या वर्षीच झाला असता. मागच्या वर्षी मत लिफ्टवर नव्हतं, लिफ्टचा विषय पुढे ढकलायचा का, यावर होतं. तू हात वर करून "पूर" म्हणालीस.

मावशी : मला वाटलं, लिफ्टच्या बाजूने.

भाची : पुढे ढकलण्याच्या बाजूने. तुझ्या हिश्श्यावर गेला तो ठराव. आणि सभा संपल्यावर पहिल्या मजल्यावरच्यांनी तुला वाईन दिली. तू घरी येऊन म्हणालीस, किती चांगले लोक आहेत.

मावशी : चांगलेच आहेत. वाईनही चांगली होती.

भाची : तर आता मुखत्यारपत्र दे मला. इथे त्याला पूव्वार म्हणतात, इथे सही करायची. तुझ्या वतीने मी जाते, बोलते, मत देते.

मावशी : नाही.

भाची : का?

मावशी : बँकेतला माणूस तुला सोडून मामाशी बोलायला लागला, ते आत्ताच सांगितलंस ना? आणि मला म्हणतेस, मामाला पाठव.

(भाची यावर काही वेळ गप्प होती. मीही.)

भाची : बरं. मग एक भाषण लिहून देते. म्हणजे असं, की खर्चाची वाटणी मजल्यांप्रमाणे करणं न्याय्य ठरेल हे सभेने लक्षात घ्यावं, अशी माझी...

मावशी : सबजंक्टिव्ह आहे ना त्यात?

भाची : दोन.

मावशी : नको. तोवर तिसऱ्या मजल्यावरचे मधे पडतील. छोटी वाक्यं दे. पहिलं, मी चौथ्या मजल्यावर राहते. दुसरं, मला लिफ्ट हवी. तिसरं, मागच्या वर्षी मला कळलं नव्हतं.

भाची : तिसरं सांगायची गरज नाही.

मावशी : तेच तर ऐकतील ते. आणि ते मधे बोलले की मी पण मधे बोलणार, तेवढ्यासाठी दोन वाक्यं जादा दे. "थांबा, माझं संपलं नाही" याला काय म्हणतात?

भाची : "आतांदे, जे पा फिनी." पुस्तकात "न" असतो त्यात.

मावशी : तो राहू दे पुस्तकात. आणि खर्च किती, आकडा सांग. नीट लिहून दे, अक्षरात. सत्तरच्या वर आहे का?

भाची : अठ्ठ्याण्णव हजार.

मावशी : अरे देवा. मग आकडा तू बोल. माझ्या शेजारी बस आणि फक्त आकडा तू बोल.